धानावरचे फिरते छप्पर

धान कापणीला आले की भंडारा जिल्ह्यात लोकांचे आकाशाकडे पाहणे वाढते. खरिपाचे धान ऑक्टोबरअखेरपासून निघू लागते आणि परतीचा पाऊस तोवर पुरता परतलेला असेलच, याची हमी कोणी देत नाही. पाण्याची सोय असलेले शेतकरी उन्हाळी धानही घेतात. ते मे-जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर हाती येते. बांधीतून पुंजण्यात, पुंजण्यातून चुरणीला, चुरणीतून कट्ट्यात असा त्याचा प्रवास. शेवटचा टप्पा पिकअपचा. मोहाडी हे गाव भंडारा-तुमसर रस्त्यावर वसले आहे. एका अंगाला तुमसरची धानाची मोठी बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला जिल्ह्याचे ठिकाण, आणि आसपास आधारभूत खरेदी केंद्रे. हंगामात या रस्त्यावर धानाने भरलेले पिकअप दिवसभर दिसतात. प्रत्येकाच्या हौद्यावर काही ना काही टाकलेले असते. ते काय असावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे.

मुळात एक आकडा लक्षात घेतला पाहिजे : १७. सरकारी खरेदीत धानातील ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. केंद्रावर ओलावा मापक दाण्यांत गेला आणि काटा त्यापुढे सरकला, की माल परत. शेतकऱ्याने आठवडाभर उन्हात पसरून मिळवलेले एक-दोन टक्के वाटेतल्या एका सरीने जाऊ शकतात, कारण गोणपाट पाणी अडवत नाही, उलट शोषते. धान तागाच्या बारदान्यात, सुमारे ४० किलोच्या कट्ट्यांत भरले जाते. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. त्या हिशेबाने एक कट्टा साडेनऊशे रुपयांच्या आसपास जातो आणि ३७ कट्ट्यांची, म्हणजे दीड टनाची, एक खेप ३५ हजारांची. दोन-चार तासांच्या या प्रवासात एवढ्या पैशाचे रक्षण एक कापड करत असते.

हौद्याचे गणितही पाहू. या भागात चालणाऱ्या बोलेरो पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, म्हणजे २.७ मीटर, आणि रुंदी १.७ मीटरच्या आसपास. तळाचे क्षेत्र साडेचार चौरस मीटरांहून थोडे अधिक. घनमीटरभर धान साडेपाचशे-सहाशे किलो भरते, म्हणून दीड टन धानाला अडीच घनमीटरांहून थोडी जास्त जागा लागते. भागाकार केला तर उंची येते ५५ ते ६० सेंटिमीटर. कट्ट्यांमधल्या पोकळ्या धरल्या तर त्याहून जास्तच. म्हणजे कायद्याने नेता येईल एवढेच धान भरले तरी माल फाळक्यांच्या कडेपर्यंत येतो आणि मध्ये उंचवटा करून वर डोकावतो. तणीस किंवा कोंडा असेल तर बोलायलाच नको. वजन पुरे होण्याच्या कितीतरी आधी तो टपाच्या वर पोहोचतो.

परदेशी पद्धतीची आडवी झाकणे मोहाडीत का रुजली नाहीत, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. अमेरिकेत पिकअप हे घरचे वाहन झाले. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली आणि पुढे घरोघरी पोहोचलेला तिकडचा पिकअप आज बहुतेक वेळ अर्धा रिकामाच धावतो. त्या रिकाम्या हौद्यात हत्यारे, शिकारीचे सामान, किराणा ठेवायचा तर फाळक्यांच्या कडेशी समपातळीत बसणारे झाकण उत्तम. त्याला टोनो कव्हर म्हणतात. त्यात गुंडाळायचे व्हिनाइलचे असते, तीन घड्यांचे ॲल्युमिनियमचे असते, शटरसारखे सरकणारे असते आणि बिजागरीवर उघडणारे फायबरचे एकसंध झाकणही असते. आपल्याकडे टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस घेणारे हौशी लोक ही झाकणे बसवतात. त्यांच्यासाठी ती योग्यच. पण ज्याचा माल कडेच्या वर जाणार हे ठरलेले आहे त्याने सपाट झाकण घेणे म्हणजे गाडीची निम्मी कमाई घरी ठेवणे. धानाचे भाडे मारणाऱ्याला मालाबरोबर वर-खाली होणारे आवरण हवे. ते काम ताडपत्रीचे.

आपल्याकडचा छोटा मालवाहू फारसा जुना नाही. टाटांचा एस, म्हणजे गावोगावचा छोटा हत्ती, २००५ मध्ये आला. त्याच्या आगेमागे महिंद्रांचे पिकअप खेड्यांत पसरले. त्याआधी हे काम बैलबंडी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे होते. बंडीच्या दोन्ही बाजूंना बुरडांनी विणलेले बांबूचे तट्टे लावत, वरून जे मिळेल ते पांघरूण टाकत. बंडीला वाऱ्याची भीती नव्हती. वेग वाढला तसे आवरणाचे शास्त्र बदलले.

ताडपत्रीचा जुना अवतार सुती किंतानाचा. जाड, घट्ट विणलेले कापड मेणात आणि बुरशीनाशक तांब्याच्या क्षारांत भिजवून काढलेले. या कापडाची खरी करामत भिजल्यावर दिसते. सुताचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. पहिल्या काही थेंबांनंतर कापड स्वतःच पाण्याला दार लावून घेते. कोरडे झाले की छिद्रे पुन्हा उघडतात आणि आतली वाफ बाहेर जाते. धानासाठी याहून सुज्ञ आवरण शोधणे अवघड. अडचण वजनाची. पिकअपला पुरेल अशी १२ फूट बाय १५ फूट ताडपत्री म्हणजे सुमारे १७ चौरस मीटर कापड. चौरस मीटरला ५५० ग्रॅमचे किंतान धरले तर कोरड्यातच नऊ किलो, आणि भिजली की एकट्याने उचलून टाकणे कठीण. शिवाय ओली घडी करून ठेवली तर मेण असो की तांबे, कापड कुजतेच.

आज रस्त्यावर दिसते ती निळी, पिवळी, काळी ताडपत्री प्लॅस्टिकची. तिची कहाणी मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात सुरू होते. आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोघांनी इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली ठेवला होता. प्रयोग दुसऱ्याच कशासाठी होता. भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला, तेच पॉलिथीन. वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबात, उत्प्रेरकाच्या मदतीने, त्याहून कणखर आणि दाट पॉलिथीन बनवले. त्यासाठी त्यांना इटलीच्या नाट्टांसोबत १९६३ चे नोबेल मिळाले. या दाट पॉलिथीनचा पातळ पापुद्रा काढतात, त्याच्या अरुंद पट्ट्या कापतात आणि गरम करून त्या कित्येक पट ताणतात. ताणताना आतल्या लांबच लांब रेणुसाखळ्या एका दिशेने सरळ होतात आणि पट्टी ताणाच्या दिशेने कमालीची मजबूत होते. मग पट्ट्या विणून कापड, आणि कापडाच्या दोन्ही अंगांना मऊ पॉलिथीनचा थर. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७९०३ हे मानक याच विणीव ताडपत्रीसाठी आहे. चौरस मीटरला दोनशे ग्रॅमची १२ बाय १५ ची ताडपत्री जेमतेम साडेतीन किलोची होते. पोरगाही टपावर चढून पसरू शकतो. किमतीला ती साधारण दीड-दोन कट्टे धानाला पडते.

तिसरा प्रकार गावात सिल्पॉलिन नावानेच ओळखला जातो. नाव मुळात मुंबईच्या सुप्रीम इंडस्ट्रीजच्या मालाचे. आता दुकानदार दुसऱ्या कंपनीचा तसला कागदही त्याच नावाने देतो. त्यात वीण नसतेच. ओले-बेंट रासमुसेन या डॅनिश संशोधकाने शोधलेल्या रीतीने पॉलिथीनचे पापुद्रे तिरके ताणतात आणि एकाचा ताण दुसऱ्याला आडवा येईल असे ते एकमेकांवर चिकटवतात. एका थरात फाट सुरू झाली तर पुढच्या थरात तिला वाट मिळत नाही. शेततळ्याच्या अस्तरापासून घराच्या कौलांखालच्या पडद्यापर्यंत हा कागद वापरला जातो. चौथा प्रकार जाड पीव्हीसी लावलेल्या पॉलिस्टरचा. चौरस मीटरला साडेसहाशे ग्रॅमची घेतली तर तीच १२ बाय १५ ची ताडपत्री ११ किलो भरते. तिचे जोड शिवत नाहीत, गरम हवेने वितळवून चिकटवतात, त्यामुळे सुईच्या छिद्रातून गळण्याचा प्रश्न येत नाही. रोज भाडे मारणाऱ्याला हीच परवडते, हंगामापुरत्या गाडीला नाही.

प्लॅस्टिकचे दोन शत्रू आहेत आणि विदर्भात दोन्ही जबरदस्त. एक ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रेणुसाखळ्या तोडतात, कापड आधी फिके पडते, मग घडीवर तडकते, मग हातात भुगा येतो. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, दोन-अडीच टक्के मिसळली तर हे किरण आत शिरण्याआधीच शोषले जातात. म्हणून काळी ताडपत्री दिसायला उदास असली तरी सहसा जास्त टिकते. रंगीत मालात यासाठी महागडी रसायने घालावी लागतात आणि स्वस्त मालात नेमकी तीच वगळतात. विकत घेताना ताडपत्री सूर्यासमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वरचा थर अपुरा बसला आहे.

दुसरा शत्रू आतून येतो. धान जिवंत असते. दाणा श्वास घेतो, थोडी उष्णता आणि थोडी वाफ सोडतो. ओलावा जितका जास्त तितका हा श्वास जोरात. प्लॅस्टिकखाली ही वाफ कोंडते. रात्री वरचा कागद गार पडला की त्याच्या पोटाला दवाचे थेंब लागतात आणि वरच्या कट्ट्यांवर टपकतात. पावसाचा एक थेंबही न पडता माल वरून ओला होतो. केंद्रावर नंबर लागला नाही म्हणून भरलेली गाडी रात्रभर बांधून ठेवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. भारतीय अन्न महामंडळ उघड्यावर धान्य साठवते तेव्हाही हाच पेच असतो. तिथे उंच चौथऱ्यावर लाकडी फळ्या, त्यावर पोत्यांची थप्पी आणि वरून २५० मायक्रॉन जाडीचा काळा पॉलिथीनचा डगला असतो. पण हवा कोरडी असेल त्या दिवशी तो डगला वर गुंडाळून थप्पीला वारा द्यावा लागतो. पिकअपवाल्याने त्यातून एवढे घ्यावे : गाडी उभी राहिली आणि आभाळ निवळले की दोन्ही बाजू मोकळ्या कराव्यात, आणि कट्टे व प्लॅस्टिक यांच्यात एखादे जुने गोणपाट ठेवावे. थेंब ते झेलते.

वारा हा खरा परीक्षक. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवर हवेचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका पडतो. हौद्याएवढ्या कापडावर तो सगळा उचलणारा जोर झाला तर ७५-८० किलो. वेग ८० वर गेला की दाब चौरस मीटरला ३० किलो होतो आणि एकूण जोर १४० किलोंकडे जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रत्यक्षात सगळी ताडपत्री एकदम उचलली जात नाही. टपावरून घसरत आलेली हवा पुढची मोकळी कड शोधते, तिच्याखाली शिरते आणि कापड फडफडू लागते. ही फडफडच कडी उपटते. म्हणून जाणते ड्रायव्हर पुढची कड आधी केबिनच्या पाठीमागे खाली दाबतात, तिच्यावर कट्टे ठेवतात, आणि मगच मागे येतात. दोराची गाठही बघण्यासारखी असते. दोराच्या मध्यावर एक फासा करायचा, शेंडा फाळक्याखालच्या हुकाभोवती वळवून त्या फाशातून घ्यायचा आणि खाली खेचायचा. हिशेबाने हाताच्या ओढीच्या तिप्पट ताण मिळतो. घर्षण त्यातला बराच वाटा खाते, तरी उरते ते पुरेसे. गाठ शिकवणाऱ्याने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते, पण कप्पीचे तत्त्व त्याच्या मनगटात असते.

आता चोरीकडे वळू. धान चोरणारा ताडपत्री कापेल, हे मान्य करून पुढे जावे लागते. चाकूपुढे टिकेल असे कापड पिकअपच्या अंदाजपत्रकात बसत नाही. मग कापडाने सुरक्षा मिळते तरी कशी? याचे सर्वांत देखणे उत्तर जगातल्या सीमाशुल्क खात्यांनी दिले आहे. टीआयआर नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ चा. भारत त्यात २०१७ मध्ये ७१वा सदस्य म्हणून सामील झाला. या करारानुसार मालाला एका देशात सील लागते आणि ट्रक वाटेतल्या देशांच्या सीमा माल न उघडता ओलांडतो. आश्चर्य असे, की हा ट्रक लोखंडी पेटीचाच असावा असा आग्रह नाही. ताडपत्रीचा ट्रकही चालतो. मात्र कापड कसे असावे याचे नियम बारकाईने लिहिले आहेत. कापड न ताणणारे हवे. दोन तुकडे शिवायचे तर कडा एकमेकांत दुमडून शिवणीच्या दोन वेगळ्या ओळी घालायच्या, आणि त्यांच्यात किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवायचे. दोर अडकवायच्या कड्यांमध्ये साधारणपणे २०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे मधून हात घालता येऊ नये. दोर पोलादी तारेचा असेल तर निदान ३ मिलिमीटर जाड. हेम्पचा किंवा घायपाताचा असेल तर निदान ८ मिलिमीटर, आणि तोही पारदर्शक आवरणात, म्हणजे कापून पुन्हा जोडला तर गाठ दिसावी. एकच सलग दोर सगळ्या कड्यांतून फिरतो आणि त्याची दोन टोके एका ठिकाणी सीलबंद होतात.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : चोराला अडवता आले नाही तरी चालेल, पण हात लागल्याची खूण लपता कामा नये. मालवाहतुकीच्या सीलसाठी आयएसओ १७७१२ हे मानक आहे, त्यातला सर्वांत खालचा वर्ग नुसता छेडछाड दाखवण्याचेच काम करतो. मोहाडीहून तुमसरला जाणाऱ्या गाडीला टीआयआरची गरज नाही हे उघड आहे. पण एकसलग दोर आणि क्रमांक छापलेले प्लॅस्टिकचे सील, एवढे तिथून उचलायला काय हरकत आहे? शेतकरी स्वतः गाडीसोबत जात नसेल तेव्हा हा क्रमांक फोनवर कळवता येतो. कट्टे मोजण्यावरून होणारे निम्मे वाद तिथेच संपतील असे मला वाटते.

माल बदलला की उत्तर बदलते, आणि मोहाडीत माल नेहमी धानच नसतो. मोहाडी-आंधळगाव परिसरात कोशाचे हातमाग आहेत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून निघणारे हे रेशीम. त्याच्या कापडाचा एक गठ्ठा धानाच्या कित्येक कट्ट्यांइतक्या मोलाचा, आणि आकाराने एवढा की एका माणसाने काखेत मारून न्यावा. तिथे ताडपत्री पुरत नाही, कुलूप हवे. अशा मालासाठी हौद्यात बोल्टने कायम बसवलेली पत्र्याची पेटी मला जास्त शहाणपणाची वाटते. बाकीचा हौदा धानाला मोकळा राहतो. भाजीपाला नागपूरच्या बाजाराला न्यायचा तर उलटी गरज : त्याला वारा हवा, म्हणून जाळी किंवा शेडनेट, आणि पाऊस दिसला तरच वरून कागद. वैनगंगेची वाळू किंवा गिट्टी नेणाऱ्याचा प्रश्न भिजण्याचा नसतो, उडण्याचा असतो. हवेतले धूलिकण मर्यादेबाहेर गेलेल्या शहरांत बांधकामाचे साहित्य उघड्या वाहनातून नेण्यास केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने मनाई केली आहे.

काहीजण एकदाच खर्च करून पूर्ण हौद्यावर पत्र्याची बंद बॉडी चढवतात. पाऊस आणि चोर दोन्ही सुटतात, पण कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. पुस्तकात उघडी बॉडी आणि रस्त्यावर बंद पेटी, असे असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची भीती असते. बंद बॉडी हवीच असेल तर ती तशी नोंदवलेली गाडीच घ्यावी. पेटीचे वजन भारक्षमतेतून वजा होते, हेही लक्षात असू द्यावे : दोनशे किलोंची पेटी म्हणजे प्रत्येक खेपेला पाच कट्टे कमी. आणि ताडपत्री कितीही मोठी असली तरी ती माल कडेबाहेर काढण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४(१क) बाजूंनी, मागे-पुढे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला २० हजार रुपये दंड सांगते.

मापाचे शेवटी बोलायचे, कारण फसगत बहुधा तिथेच होते. हौदा १.७ मीटर रुंद, म्हणून तेवढीच ताडपत्री घेतली तर पाणी फाळक्याच्या आतल्या अंगाने खाली उतरते आणि तळचे कट्टे भिजतात. वरचे कोरडे असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. मालाचा उंचवटा दोन्ही बाजूंनी ३० सेंटिमीटर आणि कडेबाहेर लोंबती झूल ४५ सेंटिमीटर धरली तर रुंदी ३.२ मीटर लागते, लांबी त्याच हिशेबाने ४.२ मीटर. बाजारात मिळणारे १२ बाय १५ फुटी माप त्याला नीट बसते. कड्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या असोत, कडेची पट्टी आत दोर घालून दुहेरी दुमडलेली आहे का ते बोटांनी चाचपावे. कडी कापडाला धरत नाही, त्या दोराला धरते. बांबूची एक कमान हौद्याच्या मध्ये उभी केली तर पाणी साचून झोळ पडत नाही आणि बुरडाकडून ती अगदी थोडक्यात होते. हंगाम संपला की ताडपत्री धुवून, पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर टांगून ठेवावी. चिकटलेल्या दाण्यांसाठी उंदीर घडीच्या आत शिरतात आणि पुढच्या ऑक्टोबरात उलगडताना प्रत्येक घडीवर एकसारखी भोके सापडतात.